एक खोटी चिठ्ठी आणि एक खरे छायाचित्र

घुबडाविषयी आपल्या खेड्यापाड्यांतून जेवढे बोलले जाते, तेवढे दुसऱ्या कोणा पाखराविषयी क्वचितच बोलले जात असेल; आणि त्याला डोळे भरून पाहिलेला मनुष्य मात्र शंभरांत एखादाच सापडतो. घराच्या आढ्यावर घुबड बसले की त्या घरातील माणूस जातो. रात्री मुलास नावाने हाक मारू नये, कारण घुबड ते नाव ऐकून घोकीत बसते आणि मूल वाळत जाते. घुबडास दगड मारू नये, कारण ते तो दगड उचलून पाण्यात झिजवते आणि जसजसा दगड झिजतो तसतसा मारणारा झिजतो. असे एक ना अनेक. यांतील शेवटची समजूत खोटी असली तरी पाखराच्या मोठ्या कामाची आहे, असे आम्हांस नेहमी वाटत आले आहे. जाम नदीच्या एका काठी आमचे सावरगाव आणि दुसऱ्या काठी पांढुर्णा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवून दोन्ही काठांची माणसे एकमेकांवर गोटे चालवितात, हे दूरच्या वाचकांनीही ऐकले असेल. ज्या गावचा हात दगडास असा सरावलेला, तेथे निदान एका पाखरास तरी त्यापासून सूट मिळावी, हे थोडके नव्हे.

आमच्या शिवारात जे लहानसे घुबड नेहमी आढळते, त्यास पिंगळा म्हणतात. आकाराने साळुंकीएवढे, रंगाने मातकट तपकिरी, डोक्यावर व पाठीवर पांढऱ्या ठिपक्यांची पेरणी, आणि डोळे हळदीसारखे पिवळे. संत्र्याच्या बागेच्या धुऱ्यावर एखादा जुना आंबा वा कडुनिंब उभा असेल, तर त्याच्या ढोलीत पिंगळ्याचे कुटुंब बहुधा असतेच. दिवेलागणीच्या सुमारास ही मंडळी बाहेर पडून फांदीवर ओळीने बसतात, आणि आपण थांबून पाहू लागलो की माना खालीवर करीत आपणांसच न्याहाळू लागतात. किडे, उंदीर, सरडे हे त्यांचे अन्न. तेव्हा शेतकऱ्याने त्यांच्याशी वैर धरण्याचे काही कारण नाही. पहाटेच्या अंधारात कंदील घेऊन, कुडमुडे वाजवीत दारोदार येणारा आणि आपणांस या पाखराची बोली कळते असे सांगून भविष्य कथन करणारा जो जोशी, त्यालाही आपल्याकडे पिंगळाच म्हणतात. बिचाऱ्या पाखराने काही न सांगता त्याच्या नावावर किती पोटे भरली, याचा हिशेब कोण करणार?

या गावपिंगळ्याचे भाऊबंद जगभर पसरलेले आहेत. अमेरिकेच्या माळरानांवर त्याच कुळातील एक घुबड चक्क जमिनीतील बिळात राहते. दिवसाढवळ्या ते बिळाच्या तोंडाशी लांब पायांवर उभे असते, म्हणून तेथील छायाचित्रकारांचे ते मोठे आवडते. ते गुराढोरांचे शेण आणून बिळाभोवती पसरून ठेवते. शेणावर शेणकिडे येतात, आणि घुबडास दारातच जेवण मिळते. शास्त्रज्ञांनी प्रयोग करून ही गोष्ट २००४ साली सिद्ध केली. सारवलेल्या अंगणाचे कौतुक असणाऱ्या आमच्या भगिनींस हे वाचून त्या पाखराविषयी थोडा आपलेपणा वाटल्यावाचून राहणार नाही.

परंतु आज आम्हांस सांगावयाचे आहे ते आपल्याच सातपुड्यातील एका भाऊबंदाविषयी. त्याचे नाव रानपिंगळा. हे पाखरू हरवले होते. एक वर्ष नव्हे, दहा वर्षे नव्हे, तब्बल एकशे तेरा वर्षे हरवले होते. आणि ते सापडले तेव्हा त्याला न मारता, न पकडता, केवळ त्याचे चित्र घेऊन जगाची खात्री पटविण्यात आली. ते इतकी वर्षे का हरवले, याचे एक कारण फार खेदजनक आहे. तेही सांगितले पाहिजे.

१८८५ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय सभेचे एक जनक म्हणून अ‍ॅलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांचे नाव शाळेतील मुलांसही ठाऊक असते. हे ह्यूमसाहेब पक्ष्यांचे मोठे अभ्यासक होते. १८७२ सालच्या डिसेंबरात, आज छत्तीसगडात असलेल्या फुलझरच्या बाजूस, ब्लेविट नावाच्या गृहस्थांनी एक पिंगळा मारून त्यांच्याकडे पाठविला. त्याच्या डोक्यावर ठिपके जवळजवळ नव्हते, चोच मोठी होती, पाय दाट पांढऱ्या पिसांनी झाकलेले होते. हा आपला नेहमीचा पिंगळा नव्हे, हे ह्यूम यांनी ओळखले आणि १८७३ साली ब्लेविट यांच्या नावाने तो पक्षी जाहीर केला. त्यानंतर जेम्स डेव्हिडसन नावाच्या मुलकी अधिकाऱ्यास खानदेशात, शहादे-तळोद्याकडील रानात, असेच काही पक्षी मिळाले. जगातील सर्व संग्रहालयांची कपाटे धुंडाळली, तर या जातीच्या पेंढा भरलेल्या कातड्या सातच निघत. १८८४ नंतर मात्र काहीच नाही.

नाही म्हणावयास एक नोंद होती, आणि तीच घात करणारी ठरली. रिचर्ड माइनर्ट्सहागेन हे इंग्रज सैन्यातील कर्नल. युद्धात नाव मिळविलेले, पक्षिशास्त्रात मान मिळविलेले. आपला हजारो पक्ष्यांचा संग्रह त्यांनी लंडनच्या संग्रहालयास दिला, त्यात एक रानपिंगळा होता. संग्रहालयातील प्रत्येक पक्ष्याच्या पायास दोऱ्याने एक चिठ्ठी बांधलेली असते. पक्षी कोठे मिळाला, कोणत्या दिवशी मिळाला, कोणी मिळविला, एवढाच मजकूर तीवर असतो. पण त्या चिठ्ठीवाचून पक्ष्यास काही किंमत नाही. जसे नाव, गाव व तारीख नसलेले बाप्तिस्म्याच्या नोंदवहीतील पान. माइनर्ट्सहागेन यांच्या रानपिंगळ्याच्या चिठ्ठीवर लिहिले होते की, हा पक्षी १९१४ साली गुजरातेत तापीकाठच्या मांडवी येथे मिळाला. शास्त्रज्ञांनी विश्वास ठेवला. का ठेवू नये? थोर मनुष्याचे हस्ताक्षर होते.

मग शोध सुरू झाला. डॉ. सालिम अली आणि अमेरिकन शास्त्रज्ञ एस. डिलन रिप्ली यांच्यासारख्या जाणत्यांनी या पाखराचा माग काढण्याचा यत्न केला. हाती काही लागले नाही. मध्यंतरी कोणी कोणी आपणांस रानपिंगळा दिसला असे सांगत. १९६८ सालच्या एका दाव्याबरोबर तर छायाचित्रेही होती. पण पुढे ती चित्रे बारकाईने तपासली, तेव्हा त्यांतील पाखरू साधा ठिपकेवाला पिंगळा निघाले! वाचकांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी. यंत्र खोटे बोलत नाही, असे आपण म्हणतो. परंतु यंत्राने दाखविले त्यास काय नाव द्यावयाचे, हे मनुष्यच ठरवितो, आणि मनुष्यास जे पाहावयाचे असते तेच त्याला दिसू लागते.

या कोड्याचा उलगडा पामेला रासमुसेन या अमेरिकन विदुषीने केला. दक्षिण आशियातील पक्ष्यांचा मोठा ग्रंथ सिद्ध करण्याच्या कामी त्या संग्रहालयांतील एकेक पक्षी हातात घेऊन पाहत होत्या. माइनर्ट्सहागेन यांच्या काही पक्ष्यांविषयी शंका आधीच निघू लागल्या होत्या. रासमुसेन आणि त्यांचे सहकारी यांनी त्या रानपिंगळ्याची तपासणी केली. पक्ष्याची कातडी सोलून, आत कापूस भरून ती शिवण्याची प्रत्येक माणसाची एक धाटणी असते. जशी प्रत्येक गृहिणीची गोधडीची टाके घालण्याची तऱ्हा निराळी. हा पक्षी एकदा उसवून पुन्हा भरला होता. आणि आत राहून गेलेल्या खुणा डेव्हिडसन यांच्या हातच्या होत्या! म्हणजे डेव्हिडसन यांनी खानदेशात मिळविलेला पक्षी कर्नलसाहेबांनी संग्रहालयातून चोरला, त्याची मूळ चिठ्ठी काढून टाकली, स्वतःच्या नावाची खोटी चिठ्ठी बांधली, आणि तोच पक्षी देणगी म्हणून त्याच संग्रहालयास परत केला. सातवी आज्ञा आणि आठवी आज्ञा एकाच पाखराच्या पायाशी मोडलेल्या आपणांस येथे दिसतात.

आम्ही प्रायश्चित्त-संस्काराच्या तयारीस बसलेल्या मुलांस जेव्हा खोट्या साक्षीविषयी सांगतो, तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे कोर्टकचेरी येते. कोणाचे काही न बिघडविणारे लहानसे खोटे, त्याला कसले पाप, असा भाव मोठ्यांच्याही मनात असतो. बोटभर कागदावरील दोन ओळींनी कोणाचे काय बिघडले? बिघडले ते असे की, मनुष्ये भलत्याच ठिकाणी शोधीत राहिली. पाखरू जेथे होते तेथील साग तुटत गेला, रानाच्या जागी शेते आली, आणि त्या पाखराच्या वतीने बोलावयास कोणी नव्हते. कारण ते तेथे असेल असे कोणाच्या मनातच नव्हते. माइनर्ट्सहागेन १९६७ साली सन्मानाने वारले. चिठ्ठीचा खोटेपणा उघडकीस यावयास पुढे आणखी तीस वर्षे जावी लागली.

खोटी नोंद बाजूस सारल्यावर खरी ठिकाणे तेवढी उरली. १९९७ सालच्या नोव्हेंबरात रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट हे तिघे भारतात आले. प्रथम पूर्वेकडील जुन्या जागा त्यांनी पाहिल्या. तेथे काही मिळाले नाही. मग ते शहाद्यास आले. शहादे तेव्हा धुळे जिल्ह्यात होते; नंदुरबार जिल्हा पुढल्या वर्षी झाला. २५ नोव्हेंबरच्या सकाळी, सातपुड्याच्या पायथ्याच्या विरळ रानात, एका उघड्या फांदीवर उन्हात बसलेले एक पिंगळ्यासारखे पाखरू किंग यांस दिसले. डोक्यावर ठिपके नाहीत. चोच मोठी. पाय पांढरे, जाड. एकशे तेरा वर्षांनंतर रानपिंगळा मनुष्यापुढे बसला होता.

ह्यूम यांच्या काळी अशा क्षणी बंदूक उचलली गेली असती. त्या काळच्या शास्त्रज्ञांस दोष देण्याचे कारण नाही. हातात पक्षी असल्यावाचून त्यांचे कोणी ऐकत नसे. या तिघांनी कॅमेरा उचलला. पाखरू उडून गेले असते तर जगाने पुन्हा म्हटले असते, तो गावपिंगळा असेल. म्हणून त्यांनी प्रथम चित्रे घेतली, चलत्‌चित्र घेतले, आणि मगच आनंद केला असावा, असे आम्ही समजतो. त्या चित्रांत डोके, छाती, पंखांवरील पट्टे, पाय सर्व स्पष्ट होते. ज्याला शंका असेल त्याने पाहावे. आणि चित्र घेऊन झाल्यावरही पाखरू आपल्या फांदीवर जिवंतच होते!

क्रूसाच्या वाटेच्या सहाव्या स्थानापाशी आपण दर शुक्रवारी उपवासकाळात गुडघे टेकतो. प्रभूचा घामाने व रक्ताने माखलेला चेहरा पुसण्यास पुढे आलेल्या वेरोनिकेच्या वस्त्रावर त्याचे मुख उमटले, असे ख्रिस्तसभेची परंपरा सांगते. याच कारणाने छायाचित्रकार तिला आपली आश्रयदाती संत मानतात. आम्हांस यातील एक गोष्ट विशेष वाटते. ती स्त्री प्रतिमा मिळविण्यास गेली नव्हती. ती मुख पुसण्यास गेली होती.

पाखरांची चित्रे घेण्याचा उद्योग काही आजचा नव्हे. इंग्लंडात रिचर्ड आणि चेरी कीअर्टन या शेतकऱ्याघरच्या दोघा भावांनी १८९५ साली घरट्यांवरील एक पुस्तक काढले, त्यातील सारी चित्रे कॅमेऱ्याने घेतलेली होती. पाखरे बुजू नयेत म्हणून या भावांनी एक पोकळ बैल तयार केला. बैलाचे कातडे, आत चौकट, आणि पोटात कॅमेरा घेऊन वाकलेला माणूस! चरावयास आलेला बैल म्हणून पाखरे त्यास भीत नसत. आपल्या देशातील पाखरांच्या छायाचित्रांचे लोथर यांचे पुस्तक १९४९ साली निघाले. आणि एरिक हॉस्किंग या नामांकित छायाचित्रकाराची कथा तर घुबडाचीच आहे. १९३७ साली रात्री एका घुबडाच्या घरट्याजवळ तो गेला असता त्या आईने त्याच्या तोंडावर झेप घेतली, आणि तिच्या नखाने त्याचा एक डोळा कायमचा गेला. त्याने पाखरांचा छंद सोडला नाही. उरलेल्या एका डोळ्याने तो आयुष्यभर चित्रे घेत राहिला. घरट्याशी जाण्याचा मोबदला येथे छायाचित्रकाराने दिला. बहुधा तो पाखरूच देते.

रानपिंगळा सापडल्यानंतर मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या फराह इश्तियाक व असद रहमानी यांनी, आणि पुढे पुण्याच्या प्राची मेहता, जयंत कुलकर्णी यांच्यासारख्या अभ्यासकांनी सातपुडा पिंजून काढला. तोरणमाळ, यावल, मेळघाट, आपल्या मध्य प्रदेशातील खंडव्याची राने, अशा ठिकाणी हे पाखरू आढळले. २०१४ साली ते मुंबईपासून फार दूर नसलेल्या तानसा अभयारण्यातही दिसले, तेव्हा सर्वांसच आश्चर्य वाटले. मेळघाट म्हणजे आम्हांस पश्चिमेकडील शेजारच. वरुड-परतवाड्यावरून वर चढले की आलेच.

त्याचे जीवन गावपिंगळ्याहून निराळे आहे. गावपिंगळा दिवसा झोपाळलेला. रानपिंगळा मात्र भर दिवसा शिकार करतो. उंच, पाने झडलेल्या झाडाच्या शेंड्यावर बसून तो खाली टक लावतो, शेपूट एका बाजूकडून दुसऱ्या बाजूस झटकतो, आणि सरडा वा सापसुरळी दिसली की दगडासारखा खाली येतो. सरडे हेच त्याचे मुख्य अन्न. जोडीस उंदीर, बेडूक, टोळ. ऑक्टोबरपासून उन्हाळ्यापर्यंत त्याचा विणीचा काळ. मादी ढोलीत बसली म्हणजे नर शिकार करून तिच्यासाठी आणतो. ढोलीसाठी त्याला जुने झाड लागते, आणि जुने झाड तर आजकाल पैशापेक्षा दुर्मिळ झाले आहे. रान तोडून केलेली शेते, सागाची तोड, दरवर्षी लागणारे वणवे, यांनी त्याची जागा आक्रसत चालली. जगात या जातीची मोठी पाखरे अडीचशे ते हजारांच्या आत असावीत, असा जाणत्यांचा अंदाज आहे. पूर्वी त्याची गणना अतिसंकटग्रस्त जातींत होत असे. २०१८ साली ती एक पायरी उतरून संकटग्रस्त अशी झाली. नव्या जागा कळल्या म्हणून हे घडले, रान वाढले म्हणून नव्हे.

शिवाय मनुष्याच्या मनातील अंधार आहेच. दिवाळीच्या सुमारास गुप्तधनाच्या आशेने घुबडाचा बळी देणारे मांत्रिक आजही आहेत. ज्या आमच्या हिंदू बांधवांच्या घरी घुबड हे लक्ष्मीचे वाहन म्हणून मान्य, त्यांनाही हा प्रकार किळसवाणा वाटतो. भारतात घुबडांच्या सुमारे तीस जाती. २०१० सालच्या एका पाहणीत त्यांपैकी पंधरा जाती चोरट्या बाजारात विकल्या जात असल्याचे आढळले. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने घुबड पकडणे, मारणे वा विकणे हा गुन्हा आहे, हे येथे नमूद करून ठेवतो.

आपल्या घरांतून असले काही होत नाही, याविषयी आम्हांस शंका नाही. पण भय मात्र आहे. परवा एका वृद्ध मातेने आम्हांस विचारले, “फादर, घुबडाचा फोटो घरात लावला तं चालते का जी? शास्त्रात त्याले अशुद्ध म्हटलं हाय म्हनते.” प्रश्न सरळ होता, म्हणून सरळ उत्तर देतो. मोशेच्या नियमशास्त्रात घुबडाचे नाव आहे, ते खाऊ नये अशा पक्ष्यांच्या यादीत. खाऊ नये म्हटले, तर ते पाखराच्या हिताचेच झाले! ते अपशकुनी आहे असे तेथे म्हटलेले नाही. उलट, १०२ वे स्तोत्र काढून पाहावे. तेथे दुःखाने पिचलेला एक मनुष्य देवाची आळवणी करतो, आणि आपली स्थिती सांगताना ओसाड जागी एकट्या राहणाऱ्या घुबडाची उपमा स्वतःस देतो. ज्यास आपण मरणाचा दूत समजून हाकलतो, त्याच्या जागी त्या भक्ताने स्वतःस पाहिले. तेव्हा मातोश्री, फोटो लावण्यास मुळीच हरकत नाही. वेदीवर मात्र लावू नका.

दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ सालच्या आपल्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात नष्ट होणाऱ्या प्राण्यांविषयी लिहिताना केवळ माणसाच्या नफ्यातोट्याची भाषा केली नाही. प्रत्येक जात आपल्या असण्यानेच देवाचे गौरव करीत असते, आणि आपल्यामुळे ती गेली की ते गौरव थांबते, असा त्यांचा आशय आहे. रानपिंगळा उंदीर खातो म्हणून तो राहावा, हे ठीक. परंतु त्याने एकही उंदीर खाल्ला नसता, तरी आमचा आग्रह तोच राहिला असता.

आता थोडे आमच्या तरुणांशी बोलावयाचे आहे. प्रत्येकाच्या खिशात मोबाईल आला, आणि मोबाईलमध्ये कॅमेरा आला. पाखरांची चित्रे घेण्याची आवड आपल्या मुलांत वाढत आहे, ही गोष्ट आनंदाची. पण गेल्या फेब्रुवारीत आमच्याच बाजूस असे घडले की, काही मुलांनी आंब्याच्या ढोलीत हात घालून पिंगळ्याची दोन पिल्ले बाहेर काढली, तळहातावर बसवून त्यांची चित्रे घेतली, आणि परत ढोलीत ठेवण्याऐवजी फांदीवर ठेवून ती घरी गेली. दुसऱ्या दिवशी खाली पिसे होती. मुले दुष्ट नव्हती. चित्र फार सुंदर आले होते, आणि गावभर पाहिले गेले. रानपिंगळ्याच्या रानातही, मोठमोठे कॅमेरे घेऊन येणाऱ्या शिकल्यासवरल्या माणसांकडून असेच होऊ शकते. यंत्रावर त्याचा आवाज वाजविला की दुसरा नर आपल्या हद्दीत आला असे समजून तो बिचारा ढोली सोडून पुढे येतो, तेवढ्यात चित्र घेता येते. अभ्यासकांनी गणतीसाठी एकदा आवाज वाजविणे निराळे, आणि दर रविवारी नव्या टोळीने येऊन वाजविणे निराळे. आईबाप आपल्या सावलीशी भांडत राहतात, आणि पिल्ले उपाशी.

म्हणून ज्यास चित्र घ्यावयाचे असेल त्याने गावपिंगळ्यापासून आरंभ करावा. तो रोज त्याच झाडावर बसतो, त्यामुळे घाई करण्याचे कारण नाही. झाड ओळखण्याची खूण खाली सापडते: बुंध्याशी पांढरी विष्ठा, आणि केस, हाडे व किड्यांचे पंख यांच्या लहान गोळ्या. न पचलेला भाग पिंगळा तोंडावाटे असा गोळा करून टाकतो. त्या गोळ्या काडीने उकलून पाहाव्यात, महिनाभराचा भोजनाचा हिशेब मिळतो. पहिले तीन-चार दिवस कॅमेरा न नेता नुसते दूर बसावे. सरळ त्याच्या रोखाने चालत जाऊ नये. गुरे वळणारा पोऱ्या जसा इकडेतिकडे पाहत चालतो, तसे चालावे. पाखरू मान खालीवर करू लागले, अंग आखडून उभे राहिले, की आपण फार जवळ आलो असे समजावे आणि चार पावले मागे सरावे. ऊन आपल्या पाठीशी असावे. कॅमेऱ्याचा झगझगीत दिवा कधीही पाडू नये. रात्रीच्या प्रकाशास जुळलेल्या त्या डोळ्यांस एकाएकी काही दिसेनासे होते. ढोलीच्या तोंडासमोर उभे राहू नये, पाने-फांद्या तोडू नयेत, दोऱ्याने उंदीर बांधून आमिष दाखवू नये. एवढे पाळून जे चित्र येईल ते कदाचित धूसर येईल, लहान येईल. तेच घ्यावे.

आणि चिठ्ठी लिहावी. तारीख, वेळ, झाड कोणते, किती पावलांवरून, पाखरू काय करीत होते, आणि पाहणाऱ्याचे नाव. जे दिसले तेवढेच लिहावे. डोक्यावर ठिपके दिसले की नाही, हे ठाम कळले नसेल तर तसेच लिहावे. रानपिंगळा दिसावा असे कितीही वाटत असले तरी ठिपके पुसू नयेत. झाडाचा ठावठिकाणा स्वतःच्या वहीत जरूर असावा, पण मोबाईलवरून गावोगाव धाडू नये. आणि कोणास डोंगराकडे खरोखरच बिनठिपक्यांचा, पांढऱ्या जाड पायांचा, भर दुपारी सरडा धरणारा पिंगळा दिसला, तर त्याने चित्र व चिठ्ठी घेऊन प्रथम वनरक्षकाकडे जावे.

गावपिंगळ्याची चित्रे मात्र आमच्याकडे आणावीत. ४ ऑक्टोबर रोजी असिसीकर संत फ्रान्सिस यांचा सण आहे. त्या दिवशी मिस्सानंतर ती भिंतीवर लावण्याचा आमचा विचार आहे. प्रत्येक चित्राखाली चिठ्ठी हवी; चिठ्ठीवाचून आलेले चित्र, कितीही सुंदर असो, लावले जाणार नाही. आणि ढोलीतून काढलेल्या पिल्लाचे चित्र आणणाऱ्याने ते आणूच नये, स्वतः मात्र यावे.